शेजारची जागा

नागपूरहून कॅल्गरीला जाणाऱ्या 'नीलपथ'च्या विमानात जागेवरून भांडण झालेलं अलीकडे कुणी पाहिलं नव्हतं. प्रवासी आत यायचे, मनगटावरच्या पट्टीवर उमटलेला क्रमांक बघायचे आणि त्या खुर्चीत जाऊन बसायचे. खिडकी कुणाला, मधली जागा कुणाला, बाळ कुणाच्या शेजारी, हे विचारायला कुणी थांबत नसे. केबिनप्रमुख नसीम मुकादम दारात उभी राहून हसतमुखाने प्रत्येकाचं स्वागत करायची, आणि विमान भरून शांत झालं की त्या शांततेकडे एखादी सुगरण आपल्या मांडलेल्या ताटाकडे बघते तशी बघायची. ही आपली केबिन, असं तिला वाटायचं आणि त्यात तिला जराही संकोच वाटत नसे.

कारण तिने आधीचे दिवस पाहिले होते. रत्नागिरीहून येऊन तिने हा गणवेश पहिल्यांदा चढवला, तेव्हा तिच्या कामातला निम्मा वेळ विनवण्या करण्यात जायचा. आई पुढे, लहान मूल मागे, बाप तिसरीकडेच. मग नसीम कुणाला तरी म्हणायची, "तुम्ही जरा त्या जागेवर बसाल का?" तो माणूस म्हणायचा, "मी का? मी ही जागा मुद्दाम निवडून घेतलीय." आई रडायची, तो हटायचा नाही, आजूबाजूचे फोन काढून चित्रण करायचे आणि अखेरीस सगळे मिळून नसीमकडे अशा नजरेने बघायचे की जणू तिनेच त्या घराची फाळणी केली आहे. 'बाळाला आईपासून तोडणारी' अशा नावाने तिचं एक चित्रण घरोघरी फिरलं होतं. रत्नागिरीत तिच्या अम्मीने ते पाहिलं. त्या दिवशी अम्मीने फोन लवकरच ठेवून दिला होता.

हे सगळं थांबवलं ते डॉ. उर्मिला दांडेकरांच्या एका शोधाने.

उर्मिलाबाई शरीरक्रियाशास्त्रज्ञ होत्या. सामान्य माणसाला समजावून सांगताना त्या झोपाळ्याचं उदाहरण देत. एका झोपाळ्यावर दोघं बसली की त्यांना वेगवेगळे झोके घेता येत नाहीत. एकाने पाय रेटला की दुसराही हलतो. एकत्र राहणाऱ्या माणसांच्या शरीरांचं तसंच होतं. आई दचकली की मांडीवरच्या मुलाची नाडी लागलीच उडी घेते, मग त्याने ते दचकणं पाहिलेलं असो वा नसो. श्वास, हृदयाचे ठोके, तळहाताचा घाम, सगळं एकमेकांच्या मागून चालायला लागतं. या जुळणीला त्यांनी नाव दिलं होतं 'सहताल'.

बंद विमानात भीती पसरते ती याच वाटेने, हे त्यांनी दाखवून दिलं. मग त्यावरून बसण्याची एक पद्धत बनवली. तिचं नाव 'आसनमेळ'. विमानतळावर, विमानात चढण्यापूर्वी, प्रवासी ज्या खुर्च्यांवर वाट बघत बसायचे, त्या खुर्च्या आणि हातातल्या पट्ट्या मिळून कुणाचा ताल कुणाशी जुळतो ते टिपायच्या. त्यावरून कुणी कुणाशेजारी बसलं तर दोघंही शांत राहतील, हे संगणक ठरवायचा. बहुतेक वेळा उत्तर सोपं असे. मूल आईजवळ शांत, म्हातारा म्हातारीजवळ शांत. त्यामुळे कुटुंबं आपोआप एकत्र येत आणि कुणाला विनंती करावी लागत नसे. एखाद्या वेळी संगणक वेगळं काही सुचवी. तेव्हा लोक थोडं आश्चर्य करत आणि ऐकत.

दिगंबर इंगोले मात्र ऐकणार नव्हते.

इंगोले अमरावतीच्या अग्निशमन दलात होते. रुंद खांदे, दाट मिशा, डाव्या कानापासून मानेपर्यंत भाजल्याची जुनी खूण. ती खूण झाकायला ते कधी कॉलर वर करत नसत. त्यांची मुलगी चैताली बारा वर्षांची होती आणि जागतिक कुमार तिरंदाजी स्पर्धेसाठी भारताच्या संघात निवडली गेली होती. संघ आधीच रवाना झाला होता. चैतालीचा व्हिसा उशिरा आला म्हणून बापलेक मागून निघाले होते. आई जिल्हा रुग्णालयात परिचारिका. तिला रजा मिळाली नाही. निघताना अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती, आणि इंगोल्यांनी आयुष्यात प्रथमच, आगीशिवाय, लोकांना आपल्यासाठी धावत येताना पाहिलं होतं.

आता ते विमानाच्या मधल्या वाटेत उभे होते आणि त्यांच्यामागे रांग खोळंबली होती.

"मॅडम, हे चुकलं वाटते तुमचं," त्यांनी नसीमला पट्टी दाखवली. "माही पोरगी इथं, अन् मले पार मागं टाकलं."

नसीमने आपल्या हातातल्या संगणकाच्या पाटीवर पाहिलं. चूक नव्हती. चैतालीची जागा खिडकीशी होती आणि तिच्या शेजारी वसईच्या फिलोमिना घोन्साल्विस नावाच्या बाई बसल्या होत्या. मुलाकडे चालल्या होत्या. अंगावर शाल ओढून त्यांनी डोळेही मिटले होते.

"साहेब, आसनमेळने ठरवलंय. तुम्ही जवळच आहात, मागच्या भागात. मी स्वतः मुलीकडे लक्ष देईन."

"लक्ष द्याले मी आहो ना! मी बाप आहो तिचा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, बसू द्या ना बापलेकीला एकत्र." दुसऱ्याने दुजोरा दिला. एकाने फोन वर केला. नसीमला ते जुनं चित्रण आठवलं. फिलोमिनाबाईंनी एक डोळा उघडून विचारलं, "मी उठू का? माझं काय, मी कुठेपण झोपते."

नसीमने इंगोल्यांना मागच्या पडद्याआड, जिथे जेवणाच्या ट्रॉल्या लावलेल्या असतात तिथे नेलं. चैताली खिडकीपाशी आपलं बोटांचं चामडी कवच कुरवाळत बसली होती. तिला काही ऐकू जाऊ नये, एवढी काळजी नसीमने घेतली. पडद्याआड डॉ. उर्मिला दांडेकर आधीच येऊन उभ्या होत्या. नव्या मार्गावर आसनमेळ कसा चालतो ते बघायला त्या या महिन्यात प्रत्येक फेरीला येत. गोंधळ ऐकून त्या आपल्या जागेवरून उठून आल्या होत्या.

"इंगोले, मी हे सगळं बनवलंय," त्या म्हणाल्या. "रागवायचं तर माझ्यावर रागवा. यांच्यावर नको."

"रागवत नाई मी. फक्त सांगा, त्या झोपलेल्या बाईत असं काय आहे, जे माह्यात नाई?"

उर्मिलाबाईंनी थोडा विचार केला. "लग्नाच्या मांडवात माईक कधी स्पीकरसमोर गेलेला पाहिलाय?"

"पाहिला ना. कोकलते."

"का कोकलतो? माईकने ऐकलेलं स्पीकर मोठ्याने बोलतो. ते माईक पुन्हा ऐकतो. स्पीकर ते आणखी मोठ्याने बोलतो. असं करत करत किंकाळी होते. माईकमध्ये बिघाड नसतो आणि स्पीकरमध्येही नसतो. दोन्ही उत्तम असतात. फक्त फार जवळ असतात."

"मंग?"

"तुमचा आणि चैतालीचा सहताल इतका घट्ट आहे की मी असा क्वचितच पाहिला. तुमचं काळीज हललं की तिचं हलतं. तिचं हललं की तुमचं दुप्पट हलतं. घरी त्याचा फायदाच होत असेल. पण इथे..."

"इथं काय?"

"इथे तुम्हाला भीती वाटतेय."

इंगोल्यांचा चेहरा तांबडा झाला. कानाखालची खूण पांढरी पडली. "मले? बाई, मी जळत्या घरात शिरतो. दुसरे बाहीर पयतात तवा मी आत जातो. मले भीती वाटते म्हणता?"

"मी म्हणत नाही. प्रतीक्षाकक्षात तुमची पट्टी म्हणत होती."

"पट्टीले काय समजते!"

इंगोले नसीमकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मॅडम, हे पोरगी पहिल्यांदा इमानात बसून राहिली. तिले वाटते, आपला बाप कशालेच भेत नाई. आता मी मागं जाऊन बसलो, तर ते इचारीन, का? काय सांगू? तिच्यासमोर मले पाडू नका."

आसनमेळच्या नियमात एक वाक्य नसीमच्या आग्रहामुळे घातलं गेलं होतं, की अखेरचा निर्णय केबिनप्रमुखाचा. आजवर तिने ते कधी वापरलं नव्हतं. ते न वापरण्यातच तिचा अभिमान होता. पण समोर उभ्या असलेल्या या धिप्पाड माणसाचे डोळे तिला नीट कळत होते. अख्ख्या जगासमोर मान खाली गेल्यावर घरच्या माणसाला तोंड कसं दाखवायचं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"या," ती म्हणाली. "तुम्ही लेकीजवळ बसा."

"नसीम," उर्मिलाबाई म्हणाल्या, "हे बरोबर नाही."

"असेल मॅडम. पण हा निर्णय माझा."

फिलोमिनाबाई शाल सावरत मागच्या जागेवर गेल्या आणि बसल्याबसल्या पुन्हा झोपल्या. इंगोले खुर्चीत बसले. कुणीतरी टाळीही वाजवली. विमान आकाशात चढलं, आणि काही वेळ सगळं इतकं छान होतं की नसीमला वाटलं, आपण पट्टीपेक्षा माणूस बरा ओळखतो.

ती फळांचा रस घेऊन गेली तेव्हा चैताली डोळे मिटून बसली होती. तिचा डावा हात समोर ताठ होता, उजवा हनुवटीखाली आलेला. हातात धनुष्य नव्हतं, तरी तिने प्रत्यंचा ओढली होती, आणि तिचा श्वास जणू दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत जाऊन थांबला होता. मग बोटं सुटली. तिने डोळे उघडले आणि हसली.

"कुठे लागला?" नसीमने विचारलं.

"मधातच," चैताली म्हणाली.

"रोज असंच करते," इंगोले म्हणाले. त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की शेजारच्या रांगेतले लोकही वळून हसले. "मी हिच्या मागं उभा राहतो दर वेळी. गावात म्हणतात, दिगंबर मागं असला की पोरीचा नेम चुकत नाई."

पुढे कुठेतरी, खाली बर्फाचे डोंगर असताना, हवा बिघडली. पट्टे बांधण्याची सूचना झाली. विमान एकदम खाली गेलं, पुन्हा वर उचललं गेलं, मग अंगाला हिसके बसत राहिले. नसीम आपल्या घडीच्या खुर्चीत पट्टा बांधून बसली होती. तिथून तिला बापलेक दिसत होते.

इंगोले हसत होते. अगदी ठरवून हसत होते. "काई नाई होत बेटा," ते म्हणत होते. "आपला अमरावती-परतवाड्याचा रस्ता यापेक्षा वाईट आहे." चैताली त्यांच्याकडे बघतही नव्हती. तिचं तोंड खिडकीकडे होतं, ती ढग पाहत होती. बापाचा चेहरा तिला दिसत नव्हता आणि खुर्चीचा हात आवळून धरलेली बापाची बोटंही दिसत नव्हती. तरीही तिच्या ओठांचा रंग उडत गेला. खांदे वर चढले. तिने पिशवी घेऊन तीत ओकारी काढली आणि हात पुढे धरून पाहिला. हात थरथरत होता.

"बाबा," ती म्हणाली, "माहा हात थांबूनच नाई राह्यला."

इंगोल्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला. लहानपणापासून ते हेच करत आले होते. पडली, भाजली, परीक्षेला निघाली, की हात धरायचा. पण आज तो थरकाप त्यांच्या मुठीत वाढला. त्यांनी आणखी घट्ट धरला. तो आणखी वाढला. चैताली रडू लागली. बोटं हेच तिचं सगळं होतं, आणि ती बोटं तिची राहिली नव्हती. इंगोले त्या दोन हातांकडे बघत राहिले. कोणता थरकाप कुणाचा, हे सांगता येत नव्हतं.

हवा निवळली आणि पट्ट्याची खूण विझली, तेव्हा ते उठून नसीमकडे आले. शर्ट घामाने भिजला होता.

"मॅडम, मी भेलो," ते म्हणाले. "त्या बाईले परत बसवा तिथं. मी मागं जातो."

"मी चैतालीला सांगते, की काही तांत्रिक..."

"नाई. तुमी काई सांगू नका. मीच सांगीन."

ते परत गेले, लेकीच्या रांगेपाशी उभे राहिले. खाली वाकले नाहीत, आवाज लहान केला नाही. आगीच्या बंबावरून हुकूम देताना उभे राहत असतील तसे उभे होते.

"चैतू, मले इमानाची भीती वाटते. लय वाटते. अन् माही भीती तुले लागून राहिली. तुले भीती नाईच आहे. हे सगळी माही आहे. मी ते घेऊन मागं जातो."

चैताली बापाकडे टक लावून पाहत होती. मघाशी फोन वर करणाऱ्या माणसाने तो आता खिशात ठेवला. इंगोले मान ताठ ठेवून, त्या अख्ख्या लांबलचक वाटेवरून चालत मागे गेले. नसीमने पुष्कळ मोठमोठ्या माणसांना त्या वाटेवरून चालताना पाहिलं होतं. इतक्या दिमाखात चालणारं कुणी पाहिलं नव्हतं.

फिलोमिनाबाई पुन्हा पुढे आल्या, "ये गं बाय," म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या. थोड्या वेळाने चैतालीचे खांदे खाली आले. मग तिचं डोकं बाईंच्या शालीवर टेकलं.

नसीम पाणी घेऊन मागे गेली.

"झोपली का?" इंगोल्यांनी विचारलं.

"झोपली. हात अगदी स्थिर आहेत."

"अन् ते बाई काय करून राहिली?"

"त्याही झोपल्यात. घोरतायत."

इंगोले मोठ्याने हसले. मग हसता हसता त्यांनी तळहाताने डोळे पुसले. "इतकी वर्षं गाणी म्हणू म्हणू झोपवली मी पोरीले," ते म्हणाले. "अन् झोपली घोरण्यानं."

दोन रांगा पुढे डॉ. दांडेकर आपल्या संगणकाच्या पडद्यावर बापलेकीच्या दोन रेषा बघत होत्या. जोडीने उसळणाऱ्या त्या रेषा आता वेगळ्या झाल्या होत्या, आणि खालची, चैतालीची रेष तळ्याच्या पाण्यासारखी सपाट होती. आपलं म्हणणं इतक्या स्वच्छ रीतीने खरं ठरलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद नसीमने पाहिला आणि तिला तो आवडला नाही. पण त्यात खोटं काही नव्हतं.

कॅल्गरीत स्पर्धेच्या दिवशी इंगोल्यांनी प्रशिक्षकांना स्वतःहून सांगितलं, की मी मैदानात थांबणार नाही. प्रशिक्षकांनी समजूत घातली. मागे उभं राहायची तुमची सवय आहे, पोरगी शोधेल, म्हणाले. इंगोले ऐकेनात. ते कुंपणापलीकडे, बसगाड्या उभ्या करायच्या जागेच्याही पुढे, एका अनोळखी झाडाखाली जाऊन उभे राहिले. तिथून मैदान दिसत नव्हतं. फक्त टाळ्या ऐकू येत, आणि त्या कुणासाठी आहेत ते कळायला मार्ग नव्हता. प्रत्येक टाळीला ते आपलीच समजून हात जोडत राहिले.

चैताली सुवर्णपदक घेऊन धावत आली तेव्हा त्यांनी पदकाकडे पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले.

"हात?"

"दगड, बाबा! एकदम दगड! तुमी कुठं होते?"

"इथंच. या झाडाखाली."

चैतालीने मागे वळून मैदानाकडे पाहिलं. अंतर मोजायची तिच्या डोळ्यांना सवयच होती. ती मनाशी काहीतरी जुळवत राहिली, मग आनंदाने म्हणाली, "बस, बाबा. पुढच्या वेळीबी एवढंच लांब राहजा."

इंगोले म्हणाले, "राहीन." आणि मग त्यांनी तिला खांद्यावर उचलून घेतलं. अमरावतीच्या अग्निशमन केंद्रावर त्या दिवशी बंबाची घंटा आगीशिवाय वाजवली गेली.

त्यांनी शब्द पाळला. पुढे चैतालीची कोणतीही मोठी स्पर्धा असली की ते आधी काही दिवस घर सोडून केंद्रावर मुक्कामाला जाऊ लागले. चैताली देशासाठी खेळत राहिली, जिंकत राहिली. मुलाखतीत कुणी यशाचं गुपित विचारलं की ती ताठ मानेने सांगे, "माझे बाबा. ते जितके लांब असतात, तितका माझा नेम पक्का." हे ऐकताना इंगोले छातीवर हात बांधून दूरदर्शन संचासमोर उभे असत. बसून ती मुलाखत ते कधीच पाहू शकले नाहीत.

बापलेकीची गोष्ट देशभर झाली. डॉ. दांडेकरांनी त्यांच्या परवानगीने त्या दोन रेषा सभांमधून दाखवल्या. लोक उभं राहून टाळ्या वाजवत. शाळांनी परीक्षेच्या दिवशी पालकांना फाटकापासून दूर थांबवायला सुरुवात केली. मुलांची शस्त्रक्रिया असली की सहताल पाहून आईला दुसऱ्या इमारतीत बसवू लागले. मुलं खरोखर शांत राहत, जखमा खरोखर लवकर भरत. कुणाला नावं ठेवायला जागा नव्हती. नसीमलाही अभिमान वाटे, की याची सुरुवात माझ्या केबिनमध्ये झाली. नव्या मुलींना प्रशिक्षण देताना ती इंगोल्यांची ती चाल वर्णन करून सांगे आणि मुलींच्या अंगावर काटा येई.

पण लोकांनी त्यातून काढलेला अर्थ थोडा निराळा होता. सहताल घट्ट असून एकाच्या मनात भीती असली, तरच संगणक दोघांना लांब बसवायचा. त्यातला भीतीचा भाग लोकांनी सोडून दिला. ज्यांचा जीव एकमेकांत फार गुंतलेला असतो त्यांना लांब बसवतात, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. लग्नाच्या बोलण्यात बायका सांगू लागल्या, "आम्हाला आणि आमच्या मुलीला कधीच शेजारी जागा मिळत नाही हो." ऐकणाऱ्या बायका माना डोलावत आणि आपल्या मुलांकडे चोरून बघत.

एकदा नसीमने उर्मिलाबाईंना हे बोलून दाखवलं. त्या आता थकल्या होत्या, पण विमानात नेमाने येत.

"मी प्रेम मोजलंच नाही कधी," उर्मिलाबाई म्हणाल्या. "मी ठोके मोजले. पन्नास वेळा सांगितलं, शेजारी बसून शांत राहणाऱ्या माणसांचंही प्रेम असतं. बहुधा जास्तच असतं. कुणी लिहून घेत नाही ते."

"मग थांबवा ना हे, मॅडम."

"काय थांबवू? मुलं शांत राहतात. ते तर खरं आहे."

त्या बोलण्याला फार दिवस झाले नसतील. नागपूरला विमान भरत होतं. सगळे आपापल्या जागी बसत होते, आणि मधल्या वाटेत एक बाई उभी राहिली. पैठणीच्या काठाचा कुर्ता, हातात लहान मुलीचं दप्तर. तिच्यामागे रांग खोळंबली.

"एक्सक्यूज मी," ती नसीमला म्हणाली. "काहीतरी चूक झालीय. मला हिच्या शेजारची जागा दिलीय."

नसीमने पाटीवर पाहिलं. खिडकीशी दोन वेण्यांची, सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती आणि शेजारची रिकामी खुर्ची थोपटत होती. दोघींच्या रेषा नसीमला दिसत होत्या. एकमेकींजवळ, संथ, निवांत. इतकी सुरेख जोडी तिने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"चूक नाहीये ताई," ती मनापासून म्हणाली. "तुम्ही दोघी शेजारी फार छान राहता."

बाईचे ओठ घट्ट मिटले. तिने आजूबाजूला पाहिलं. पलीकडच्या रांगेतली एक आई आपल्या मुलापासून बरीच लांब बसली होती आणि हे सगळं ऐकत होती.

"म्हणजे तुम्हाला म्हणायचंय काय? माझा जीव नाही माझ्या मुलीत? हिच्यासाठी मी नोकरी सोडली. हिच्या तापात रात्रभर जागते मी. आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत हिच्या शेजारी बसवता?"

"ताई, त्याचा अर्थ तसा नसतो. मी तुम्हाला समजावून..."

"मला लांबची जागा हवी. सगळ्यात लांबची. अखेरचा निर्णय तुमचा असतो ना? मला माहितीये नियम."

"आई, बस ना गं," मुलगी म्हणाली.

रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "द्या ना त्यांना लांबची जागा. आईचं मन आहे." दुसऱ्याने दुजोरा दिला. कुणीतरी फोन वर केला.

नसीमने शेवटच्या रांगेतली एक जागा रिकामी करवून दिली. बाई मान ताठ करून, त्या लांबलचक वाटेवरून चालत मागे गेली. जाताना पलीकडच्या आईशी तिची नजरानजर झाली आणि दोघींनी एकमेकींना ओळखीचं हसू दिलं.

नसीम मुलीचा पट्टा बांधायला वाकली. मुलीने मागे वळून, खुर्च्यांच्या फटीतून आपली आई कुठे पोचली ते पाहिलं. खुर्ची थोपटणारा हात तिने मांडीवर घेतला. शेजारी आणून बसवलेल्या अनोळखी आजोबांकडे ती वळली आणि हनुवटी उंच करून म्हणाली,

"ती दिसतेय का, एकदम शेवटी बसलेली? ती माझी आई. आमचं खूप प्रेम आहे."